माळेतली शेवटची

१

कोपरखारच्या बायका हायवे ओलांडतात त्या एकमेकींचा पदर धरून. याला त्या माळ म्हणतात. बघणाऱ्याला हसू येतं. रामवाडीच्या नाक्यावरचे रिक्षावाले तर सकाळी आठला माळ दिसली की "आली बघा आगगाडी" म्हणून हॉर्न वाजवतात. वाजवू देत बापडे, त्यांचं काय जातंय.

जुना अरुंद रस्ता होता तोवर कोणी माळ धरत नव्हतं. रस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला, आणि गाड्या अशा सुटायला लागल्या की गावातली तीन माणसं दोन वर्षांत गेली. तिघंही एकाच तऱ्हेने. दोघं जण बरोबर निघायचे, मध्ये गाडी दिसली की एक पुढे धावायचा, दुसरा मागे फिरायचा, आणि गाडीवाल्याला कळायचं नाही की कोणाला चुकवावं.

तेव्हा इंदुबाईने डोकं चालवलं. तिचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. मिठागराच्या चिंचोळ्या बांधावरून डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बायका रांगेने जातात, तेव्हा वाट फक्त पुढची बघते, बाकीच्या तिच्या टाचा बघतात. तोच कायदा तिने हायवेला लावला. गाड्या बघायच्या फक्त पहिलीने. बाकीच्यांनी पुढचीच्या पाठीवर नजर ठेवायची. मागे वळायचं नाही. मागून पदराला ओढ आली, तर असाल तिथे थांबायचं आणि तीच ओढ पुढे द्यायची. कायदा पक्का होता, आणि पाच वर्षं माळेतलं कोणी गेलं नाही.

पाच वर्षं म्हणजे गेल्या वर्षीच्या श्रावणापर्यंत. त्या श्रावणात ठमाबाई गेली, तीही इंदुबाईबरोबर मिठागरात पाट्या वाहिलेली. ती माळेत शेवटची असायची, पायाने जरा मंद म्हणून. तिचा हात सुटला, असं सगळ्या म्हणतात.

तिच्या जागी रंभा आली. रंभा हौसाची सून, रोह्याच्या पलीकडची, भात आणि वाल पिकवणाऱ्या गावातली. तिच्या माहेरी रस्ता ओलांडायचा म्हणजे बैलगाडीला वाट द्यायची, एवढंच. लग्नानंतर ती सासूबरोबर पेणला गणपतीच्या कारखान्यात जायला लागली, कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायला. माळेत सहा जणी: पुढे इंदुबाई, मग जनी, मग शेजारच्या दोघी जावा, मग हौसा आणि शेवटी रंभा.

रंभाला सहावा महिना लागला तेव्हा जनी म्हणाली, "पोटुशीला मधी घेवा गो."

"मधलीला दोन्हीकरून वढतात," इंदुबाई म्हणाली. "शेवटचीला एकच हात सांभालायचा. ऱ्हाऊ दे तिथंच."

हौसाने आपला पदर मागे रंभाच्या हातात दिला.

२

मार्गशीर्षातला गुरुवार होता. खाडीकडून धुकं आलं होतं, पण विरळ. इंदुबाईने मान लांब करून दोनदा बघितलं, "चला" म्हणाली, आणि माळ निघाली. रंभाची नजर सासूच्या पाठीवर. उजव्या हातात सासूचा पदर, डावा हात पोटावर. तिचा स्वतःचा पदर सवयीने मागे मोकळा सोडलेला. तो धरायला मागे कोणी नव्हतं, पण माळेत पदर मोकळा सोडायचा हे हाताला बसलेलं होतं.

दुभाजक चार पावलांवर असताना तिच्या पदराला ओढ आली. दोनदा. हलकी, पण नीट, जशी माणूस देतो तशी.

रंभा थांबली. मागे कोणी नाही हे डोक्याला माहीत होतं, पण शिकवलेलं अंगात एवढं भिनलं होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. तिने सासूच्या पदराला ओढ दिली, सासू थांबली, जावा थांबल्या, जनी थांबली, आणि इंदुबाईचा पाय उचललेलाच राहिला. धुक्यातून एक ट्रेलर केकाटत आला. ड्रायव्हरने कसा कोण जाणे, बाजूची लेन धरली. त्याच्या वाऱ्याने सहाही जणींची लुगडी अंगाला चिकटली.

दुभाजकावर पोचल्यावर इंदुबाईने तोंड सोडलं. "कोनी वढला? कोनी वढला तो?"

"मी," रंभा म्हणाली. "मागनं ओढ आली, मावशी."

"मागं कोन हाय तुझे? तुझा दादला?"

जनी हसली. जावा हसल्या. भीती उतरायला लागली की माणूस हसतं तसं त्या पोट धरधरून हसल्या. फक्त हौसा हसली नाही. ती दुभाजकाचा कठडा धरून खाली रस्त्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी परत येताना रंभाने दुभाजकाजवळची जागा नीट बघितली. एखादी सळई वर आली असेल, तिला पदर अडकला असेल. सळई नव्हती, तार नव्हती, काट्याकुट्याचं झुडूपही नव्हतं. सिमेंटच्या दोन लाद्यांमध्ये बोटभर फट होती, तेवढीच. मग वारा, तिने ठरवलं. गाडी गेली की वारा ओढतोच.

रात्रभर पोटातलं मूल लाथा मारत होतं, आणि ती त्याला मनातल्या मनात सांगत होती की वाराच तो.

३

दोन दिवसांनी परत तेच. या वेळी रंभाने ओढ पुढे दिली नाही. दात आवळून चालत राहिली. तरी पदर सुटला नाही. काहीतरी त्याला धरून तिच्या मागे मागे चालत होतं, आणि पलीकडच्या मातीत पाय ठेवल्यावर मगच पदर हलका झाला.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिने पदर पुढे घेऊन पाहिला. काठावर पांढरे डाग होते. चार बोटं, आणि उलट बाजूला अंगठा.

आता कारखान्यात पांढऱ्या डागाचं नवल ते काय! तिथे सगळंच पांढरं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, डबा उघडला तर पोळीवरसुद्धा प्लास्टरचं पीठ. आपलाच हात लागला असणार. रंभाने आपली बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. स्वतः पदर पुढे ओढताना बोटं जशी पडतात, त्याच्या ती उलट होती. मागे उभं राहून धरणाऱ्याची होती.

तिने एक डाग नखाने खरवडला आणि जिभेला लावला. का लावला ते तिलाच सांगता आलं नसतं. चव खारट होती.

घामही खारटच असतो, ती स्वतःशी म्हणाली, आणि डबा तसाच झाकून ठेवला.

मग तिने पदर कमरेला घट्ट खोचून जायला सुरुवात केली. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. कुठे काही नाही. रंभाला इतकं हायसं वाटलं की चौथ्या दिवशी तिने जनीच्या चहाड्या ऐकून मोठ्याने हसूनही घेतलं. त्याच दिवशी, पहिल्या दोन लेन ओलांडताना, कमरेशी काहीतरी चाचपडलं. खोचलेला पदर कोणीतरी सावकाश, एकेक घडी सोडवत बाहेर काढत होतं. म्हाताऱ्या बाईने लहान मुलाच्या नाडीची गाठ सोडवावी इतक्या धीराने. मग तो मोकळा होऊन मागे गेला आणि ताणला गेला.

गाड्यांच्या गोंगाटात रंभाला मागे पावलं ऐकू आली. एक पाऊल चपलेचं, फटक् असं. दुसरं नुसतं, अनवाणी. फटक्, आणि मग काहीच नाही. फटक्, आणि मग काहीच नाही.

तिने मागे बघितलं नाही. कायदाच होता तसा, आणि जन्मात पहिल्यांदा तिला कायद्याचा आधार वाटला.

४

बघायचं नव्हतं, तरी ते दिसलंच.

पुढच्या आठवड्यात वडखळच्या बाजूला कुठेतरी ट्रक बंद पडला आणि गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. माळ दुभाजकाशी उभी होती, इंदुबाई फट शोधत होती. समोरून एक दुधाचा टँकर आला. नवा, स्टीलचा, लख्ख धुतलेला. त्याच्या पोटावर सगळी माळ उमटली. लांब, वाकडी, पण रंग ओळखू येत होते. इंदुबाईचं तांबडं लुगडं, जनीचं निळं, दोघी जावांची फुलाफुलांची, सासूचं जांभळं. मग तिचं स्वतःचं पिवळं.

आणि पिवळ्यानंतर हिरवं.

रंभाला वाटलं, मागे झाड असेल. पण झाड मान खाली घालून उभं राहत नाही. हिरव्यातून एक हात पुढे आलेला होता आणि तिच्या पिवळ्यापाशी संपत होता. चेहरा टँकरच्या वळणावर पसरून गेला होता. तो दिसला नाही हे बरंच झालं.

तिने नजर फिरवली, ती नेमकी टँकरमधल्या सासूच्या नजरेला भिडली. हौसाही तिकडेच बघत होती. मधल्या जागी उभी असलेली बाई, जिने पुढचीच्या पाठीशिवाय काही बघायचं नाही, ती स्टीलमध्ये आपल्या मागचं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जराही आश्चर्य नव्हतं.

टँकर सरकला. मागून एसटी आली, आणि तिच्या धुळकट पत्र्यात काहीच दिसलं नाही.

५

घरी आल्यावर हौसा ओट्यावर तांदूळ निवडायला बसली. ऊन अजून खाडीवर होतं. रंभा समोर बसली आणि सरळच विचारलं, "आत्याबाय, ठमाबाईचं लुगडं कुठलं होतं त्या दिवशी?"

सुपातला हात थांबला.

"हिरवा," हौसा म्हणाली.

तिने सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. मग हौसा खालच्या आवाजात, सुपाकडेच बघत बोलायला लागली.

"तिचा हात सुटला नाय गो. तिची चप्पल अडकली व्हती, त्या लाद्यांच्या फटीत. तिनी मना वढ दिली. मना कलली. पन ठमी रोजच भियाची, रोजच वढायची, आमी तिना हसायचो. आन समोर ट्रेलर दिसत व्हता. मना वाटला, ही आता समद्यांना घेऊन जाते." तिने डावा खांदा एकदाच पुढे उडवला. "असा झटकला मी पदर. मंग मागं कायतरी वाजला. आन मी सांगितला का तिनीच सोडला."

रंभाला सासूची चीड आली. आणि त्याच वेळी तिचा तो म्हातारा खांदा बघून कीवही आली. थांबल्या असत्या तर सहाही गेल्या असत्या. किंवा ट्रेलरवाल्याने बघितलं असतं आणि सहाही वाचल्या असत्या, जशा त्या गुरुवारी वाचल्या. कोण सांगणार?

"ती माझ्याकडं का येते मग?" रंभाने विचारलं. "मी तर तिचं काय केलं नाय."

"ती कोनाकडं येत नाय. ती तिचे जागंवर ऱ्हाते. शेवटची."

"मी नाय जात उद्यापासून. कारखाना गेला खड्ड्यात."

"कारखाना नको जाऊस. दवाखाना?" हौसाने प्रथमच मान वर केली. "तो पलीकरंच हाय. बाजार पलीकरं. आन ह्या पोटातला उद्या शालेला जाल, तो पन पलीकरंच. कवापर्यंत घरात बसशील? येक दिवस ती वढील आन तू थांबशील. नायतर झटकशील, माझेसारखी."

रंभाचा हात पोटावर गेला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा म्हणाली, "आज मी शेवटी."

"तुना काय झाला?" इंदुबाई कुरकुरली. "बसलेली घडी कशाला मोरतेस?"

"गुडघा दुखते माझा. माझेमुले मागच्यांना घोर नको."

इंदुबाईला ते पटलं. माळ लागली. आज रंभाच्या हातात धाकट्या जावेचा पदर होता आणि रंभाचा पदर सासूच्या मुठीत. ती मूठ घट्ट होती, आणि ओळखीची. कितीतरी दिवसांनी रंभाला मागून भीती वाटली नाही. भीती वाटली ती सासूसाठी.

पहिला रस्ता ओलांडला. दुभाजकाच्या अलीकडेच ती फट होती. इंदुबाई, जनी, जावा दुभाजकावर चढल्या. पलीकडचा रस्ताही मोकळा दिसला म्हणून इंदुबाई थांबलीच नाही, माळ तशीच ओढत पुढे निघाली. रंभाचा एक पाय दुभाजकावर पडला, आणि मागून ओढ आली. सासूच्या हाताची नव्हे. सासूच्या हातातून आलेली, पण तिच्याही मागून.

रंभा थांबू लागली.

"थांबू नको," हौसा म्हणाली. अगदी घरात बोलावं तशी. "तू चाल गो माझे बाय."

आणि पदर हलका झाला. ओढून सुटला नाही, झटकला गेला नाही. सासूने मूठ उघडली, एवढंच.

धाकट्या जावेने पुढून खेचलं आणि रंभा धावत गेली. पोट सांभाळत, मागे न बघता, मातीत पाय लागेपर्यंत. मग मात्र तिने कायदा मोडला आणि वळली.

हौसा दुभाजकापलीकडे, गावाकडच्या लेनमध्ये, भर रस्त्यात, त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. मोटारी तिच्या दोन्ही अंगांनी सुटत होत्या. त्यांच्या वाऱ्याने तिचे केस उडत होते, निऱ्या फडफडत होत्या. तिचा पदर तेवढा हलत नव्हता. खांद्यावरून तो सरळ पुढे गेला होता, हवेत, ताठ, आणि त्याच्या टोकाशी काठ चिमटीत धरल्यासारखा चुरगळलेला होता.

"ती काय करते गो?" जनी किंचाळली. "हौसा! ए हौसा!"

हौसा खाली वाकली. भर हायवेत ती गुडघ्यावर बसली आणि फटीपाशी दोन्ही हातांनी काहीतरी सोडवायला लागली. घाई नव्हती. एका टेंपोने तिच्यापासून हातभर अंतरावरून वळण घेतलं, ड्रायव्हरने आईवरून शिवी दिली. तिने मान वर केली नाही. मग एक भलामोठा ट्रेलर आला आणि मध्ये आडवा आला. त्याची चाकं संपता संपेनात. इंदुबाईने तोंडावर हात घेतले.

ट्रेलर गेला तेव्हा हौसा उभी होती. तिचा उजवा हात बाजूला होता, कोपरात वाकलेला, जसा म्हाताऱ्या माणसाला आधार देताना असतो. ती एक पाऊल टाकत होती आणि थांबत होती, दुसरं टाकत होती आणि थांबत होती. त्यांच्याकडे नाही, उलट, गावाकडे. गाड्यांच्या मधून मधून ती दिसत राहिली, दर वेळी थोडी लांब. शेवटी ती भरावावरून खाली उतरली आणि दिसेनाशी झाली.

७

कामाला न जाता तशाच परत फिरताना कोणी माळ धरली नाही. फट मिळाली तशा त्या बायका पोरींसारख्या धावल्या. रंभाचा पदर कोणी ओढला नाही. तो मागे मोकळा होता आणि नुसत्या वाऱ्यावर उडत होता. किती दिवसांनी! तिला रडू आलं.

हौसा घराच्या ओट्यावर बसली होती. गुडघ्याला खरचटलं होतं, त्यापलीकडे अंगावर ओरखडा नव्हता. इंदुबाईने तिला बोल बोल बोलून घेतलं, जनीने पाणी आणून दिलं. हौसाने चक्कर आली, एवढंच सांगितलं. मग बाकीच्या आपापल्या घरी गेल्या, आणि सासूसुना दोघीच राहिल्या.

दोघी म्हणायचं, झालं. हौसा ओट्याच्या एका कडेला अंग चोरून बसली होती. मोठा ओटा, पण बाजूची जागा तिने सोडली होती. तिचा पदर त्या बाजूला गेला होता. तो जमिनीवर टेकला नव्हता.

रंभाने ते बघितलं आणि उंबऱ्यातच थांबली. "तिला तिच्या घरी नाय सोडलंत?"

"नेली व्हती. कुलूप हाय. पोरगा पनवेलला ऱ्हाते, त्यानी सामान पन नेला." हौसा दमलेली होती, पण तिचा आवाज शांत होता. "म्हटला, बस इथं घडीभर. पानी पी. मंग म्हटला, आता सोड गो, मना चूल पेटवायची हाय."

"मग?"

"नाय सोडत."

बाहेर कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. रंभाला आपल्या पोटातली हालचाल जाणवली, नेहमीसारखी, धडधाकट. ती वाचली होती आणि तेही वाचलं होतं. याचा आनंद मानावा की नाही हे तिला कळेना.

"मग आता काय करणार, आत्याबाय?"

हौसाने सुनेकडे बघितलं. मग बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"काय करू?" ती म्हणाली. "परत झटकू?"

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घरात जायला निघाली. एक पाऊल टाकलं, थांबली, मग दुसरं टाकलं. रंभा दारातून बाजूला झाली. तिने सासूला आत जाऊ दिलं, आणखी थोडा वेळ वाट सोडून उभी राहिली, आणि मग आत गेली.